बाया आल्या, असं आम्हाला वाटलं

मला कोरोना झालाय हे आमच्या घरात सगळ्यांत शेवटी मला कळलं, आणि कळल्यावरही नीट कळलं नाही. आज कोणी विचारलं, तेव्हा नेमकं काय झालेलं गं, तर मी सांगायला लागते आणि मध्येच अडते. मी कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. उत्तर सुटलं नाही की माझी चिडचिड होते. तरीही लिहायला बसले आहे, कारण आजार नवा असला की माणसाला औषधाइतकंच हेही ऐकायचं असतं की गोंधळलेले आपण एकटे नव्हतो.

घर

माझं माहेर कल्याणचं. वडील साताऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी आलेले. लग्न करून मी डोंबिवलीला आले, मानपाड्याच्या पुढे, आगरी घरात. पूर्वी इथे भातशेती होती, आता घरामागे टॉवर आहे. आमचं घर आणि शेजारी ताराकाकीचं घर, दोन्हींच्या मध्ये एकच अंगण. काकी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी जाऊ. तिच्याकडे ती आणि तिचा मुलगा नीलेश. नीलेशची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली आणि लॉकडाऊन लागला, ती तिकडेच अडकली.

पहिले काही दिवस सगळ्यांनाच जरा सणासारखे वाटले. टॉवरमधली माणसं बाल्कनीत येऊन थाळ्या वाजवत होती, तेव्हा काकी परात घेऊन अंगणात आली आणि वर बघत म्हणाली, "कोनाची हलद हाय गो?" मग कोणाचीच हळद नाही, साखरपुडा नाही, चैत्रात कार्ल्याच्या देवीला जायचं तेही नाही, हे एकेक करून कळत गेलं. काकीला सगळ्यांत जास्त लागलं ते देवीचं. तिच्या आयुष्यात चैत्र चुकला नव्हता.

माझ्या नवऱ्याचा, हेमंतचा, टेम्पो आहे. तो कल्याणच्या मार्केटमधून भाजी आणायचा, त्याला पास होता. परत आला की अंगणातल्या नळावर कपडे काढून आंघोळ, आम्ही सगळ्यांनी तोंडं फिरवायची. मी कांदे साबणाने धुतले आहेत. दुधाची पिशवी घासली आहे, आणि घासलेला स्पंज कुठे ठेवायचा यावरून हेमंतशी भांडले आहे. कशाने होतं, कशाने होत नाही, कोणालाच माहीत नव्हतं, आणि ज्याला काहीच माहीत नव्हतं तो फोनवर सगळ्यांत जास्त बोलत होता.

अंगावरचं लाल

एका दुपारी मी भांडी घासता घासता बसले. अंग जड, ताप. दुसऱ्या दिवशी छातीवर, पोटावर लाल पुरळ. खोकला नाही, सर्दी नाही. मी तर फाटकाबाहेरही गेले नव्हते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद. फोन लावला. ते म्हणाले, "खोकला नाही ना? मग घाबरू नका. पुरळाचा फोटो पाठवा." फोटो पाठवला. "ॲलर्जी असेल. व्हायरल असेल. कांजिण्याही असू शकतात. घरीच राहा, ताप मोजा." एका प्रश्नाला तीन उत्तरं.

सासूबाईंकडे एकच उत्तर होतं. त्यांनी माझा गाऊन खांद्यावरून जरासा सरकवला, पुरळ पाहिलं आणि हात जोडले.

"बाया आल्यात," त्या म्हणाल्या.

गोवर-कांजिण्या आल्या की आमच्याकडे बाया आल्या म्हणतात. बाया म्हणजे देवीच्या बहिणी, त्या पाहुण्या म्हणून अंगावर येतात, मान घेतात आणि जातात. काकी धावत आली, तिने कारणही सांगून टाकलं. "आपुन गेलो नाय, म्हनून त्याच आपल्याकरं आल्या."

मी एमएस्सी आहे. मला हसू यायला हवं होतं. मला हायसं वाटलं. त्या दिवसांत कोरोना म्हणजे गल्लीला बांबू, दारात ॲम्ब्युलन्स आणि आपला व्हिडिओ जगाच्या मोबाइलवर. बाया म्हणजे घरचा, इज्जतीचा आजार. दोन्हींतलं एक निवडायला मिळालं असतं तर मी काय निवडलं असतं हे सांगायला नको, आणि मला निवडायला मिळाल्यासारखंच वाटलं.

पाहुणीचा मान

दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले. घरात फोडणी बंद, तळण बंद, कारण बायांना तो वास खपत नाही. बाहेरून आलेल्याने एकदम आत यायचं नाही. हेमंत टेम्पोत झोपायला लागला. नंतर एका डॉक्टरांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, अहो, हे तर अगदी योग्य केलंत. पुढचं मी त्यांना सांगितलं नाही.

पुढचं म्हणजे असं की बायांना एकटं टाकत नाहीत. पाहुणीला कोणी खोलीत कोंडून ठेवतं का? सासूबाई उशाशी बसून असायच्या. मला त्या 'तुमी' म्हणायला लागल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कधी पाणी मागितलं तर "उठ, घे" म्हणणारी बाई, ती वाकून विचारायची, "तुमाला पेज देऊ कं?" मला तापातही ओशाळल्यासारखं व्हायचं. खरं सांगायचं तर आवडायचंही.

आणि संध्याकाळी काकी गायला यायची. बायांची गाणी आता आमच्या पाड्यात तिला एकटीलाच सगळी येतात. एकेका बायेचं नाव घ्यायचं, ती कुठून आली, तिला पाट दिला, पाणी दिलं, आणि शेवटी अगदी गोड बोलून, पोरीला मोकळं कर आणि आपल्या घरी जा, म्हणून सांगायचं. मशेरीने घोगरा झालेला काकीचा आवाज. एक हात माझ्या कपाळावर, दुसऱ्या हातात कडुनिंबाची डहाळी, तिने ती माझ्या अंगावरून फिरवायची. सासूबाई एकदा म्हणाल्या, "तोंडाला पदर तरी लाव गो." काकी म्हणाली, "बायांम्होरं तोंड झाकून गायाचं? त्या बोलतील, हिला आमची शिसारी आली."

आजारपणातलं माझं सगळ्यांत सुखाचं काय, असं विचारलं तर मी तेच सांगेन. तो हात आणि ते गाणं. माझ्या आईनेसुद्धा मला कधी असं कुरवाळलं नव्हतं.

जेवणाला चव लागत नव्हती, पण फोडणीच नाही तर चव कुठून लागणार? सासूबाईंनी धूप जाळला, खोली धुराने भरली आणि मला काहीच वास आला नाही. मी हेमंतला ओरडून सांगितलं, "धूप कसला आणलायस रे, नुसता धूर!" तो दाराबाहेरून म्हणाला, "अगं, इकडे रस्त्यावर येतोय वास." आम्ही दोघांनी तो विषय तिथेच सोडला.

जिना

बाया उतरल्या म्हणून मला कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली. पुरळ खरंच गेलं होतं. सासूबाई खूश. मी न्हाणीघरातून निघून जिना चढायला लागले आणि मध्यावर बसले. श्वास आत जातच नव्हता. हेमंतने डॉक्टरांना फोन लावला, फोन माझ्या तोंडाशी धरला. "एका दमात मोजा," ते म्हणाले. मी मोजायला लागले. मुलांना पाढे शिकवणारी मी, मला दहाच्या पलीकडे जाता येईना. "ताबडतोब हलवा," ते म्हणाले.

ॲम्ब्युलन्समधून पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं उतरली. त्यांचे डोळेसुद्धा नीट दिसत नव्हते. मी गाऊनवर ओढणी घेऊन चालत निघाले. टॉवरच्या गॅलऱ्यांत मोबाइल वर झालेले. तो व्हिडिओ माझ्या आधी कल्याणला पोचला. माझ्या भावाने मला गाऊनवरून ओळखलं आणि फोनवर रडला.

काकी अंगणात उभी होती. तिने त्या पांढऱ्या माणसांना कारण विचारलं, "बाया उतरल्यात तिच्या. मंग कनाला नेतात?" त्यांनी मला आत बसवलं आणि दार लावलं.

वॉर्ड

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. पंखे मोठ्याने फिरायचे आणि माणसं हळू बोलायची. सकाळी काढा, अंडं, ताप, बोटाला चिमटा. दुपारी डाळभात. चार्जिंगचा एकच पॉइंट चालू, त्यासाठी बायका ऑक्सिजन लावून भांडायच्या. तपासायला येणाऱ्यांच्या पाठीवर मार्करने नाव लिहिलेलं असायचं, म्हणून मी माणसं पाठीवरून ओळखायला शिकले. एका नर्सने एकदा विचारलं, "ताई, केसांचा पार गुंता झालाय, वेणी घालू का?" दोन-दोन हातमोज्यांनी तिने माझी वेणी घातली. ढिलीच झाली. मी ती दोन दिवस सोडली नाही.

ज्यांना पुढेमागे असं एखाद्या वॉर्डात पडावं लागेल त्यांना माझं एवढंच सांगणं: चार्जर लांब वायरचा घ्या, आणि बाहेरची प्रत्येक बातमी मिळालीच पाहिजे असा हट्ट धरू नका. मी धरला होता. तपासणीत कोरोना निघाला, हे मला रिपोर्टच्या आधी हेमंतच्या फोनवरून समजलं. दोन्ही घरांना पालिकेची माणसं विलगीकरणात घेऊन गेली होती.

"आई बरी आहे. मी बरा आहे. नीलेशपण," हेमंत म्हणाला.

"आणि काकी?"

"काकीला ताप आला. ठाण्याला नेलंय. ऑक्सिजनवर आहे."

नंतर नीलेशचा फोन आला. तो माझ्याशी नेहमी चेष्टेत बोलायचा. त्या दिवशी आवाज सपाट होता. "वयनी, माझी आय तुझ्याकरं गानी बोलाला आलती. येवढंच ध्यानात ठेव." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

मी त्या पलंगावर पडल्या पडल्या गणित मांडायला बसले. हेमंतने मार्केटमधून आणला आणि मला दिला, मी काकीला. पण हेमंतला काहीच झालं नाही. की भाजीवरून? दुधावरून? नळावरून? आणि सासूबाई रात्रंदिवस उशाशी, त्यांना शिंकही आली नाही. चल राशी ढीगभर आणि समीकरण एकही नाही. नीलेशचं मात्र सुटलेलं होतं, आणि त्याचं खोटं आहे असं म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं.

बांबू

मी घरी आले. विलगीकरण संपवून बाकीचे आधीच आलेले. सासूबाई दारात म्हणाल्या, "आलीस? बस." पाहुणीचा मान संपला होता, मी पुन्हा सून झाले होते.

गल्ली सील करायला पालिकेने लावलेले बांबू काढले गेले. त्यांतला एक नीलेशने उचलून आणला आणि अंगणाच्या मधोमध, दोन ड्रमांवर आडवा ठेवला. नळ आमच्या बाजूला होता. तो पाण्याचे कॅन लांबून, रस्त्यावरून आणायचा. हेमंत एकदा बांबूपाशी जाऊन म्हणाला, "अरे नीलेश, काय लावलंयस यार? आपण भाऊ आहोत ना?" नीलेश म्हणाला, "आय येऊंदे. मंग बोलू." न आली तर काय, हे दोघांनीही उच्चारलं नाही.

घरात दोन आजार राहत होते. सासूबाई म्हणायच्या, बायाच होत्या, आंघोळ घाईत घातली म्हणून कोपल्या. हेमंत म्हणायचा, "आई, रिपोर्ट आहे, कोरोना होता." त्या म्हणायच्या, "मंग अंगावर लाल कनाला आलं?" हेमंतला सांगता यायचं नाही. पुढे कळलं की या आजारात काहींना पुरळ येतं, पण तेव्हा कोणी ठाम सांगत नव्हतं. मी कोणाच्याच बाजूने बोलायची नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, ती गायला आली नसती तर.

काकीचा मोबाइल साधा, त्याची बॅटरी संपलेली. हॉस्पिटलमधून फोन यायचा तो नीलेशला. तो आम्हाला सांगायचा नाही. सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी कान लावून उभ्या राहायच्या, फोनवरचं त्याचं बोलणं ऐकायच्या आणि मला सांगायच्या: आज जेवली. आज मशीन वाढवलं. आज 'हो सर, हो सर' बोलला फक्त. त्या घरातून रडण्याचा आवाज येईल या भीतीने मी मिक्सरसुद्धा लावत नव्हते. मला वाटायचं, काकी गेली तर तो बांबू कधीच निघणार नाही, आणि कोणी काढला तरी मला त्या अंगणात पाय टाकता येणार नाही. मी देवीला नवस बोलले. कोणत्या आजारासाठी बोलतेय ते मलाच कळत नव्हतं, म्हणून नुसतं 'काकी' एवढंच म्हटलं.

ठाण्याहून

काकी आली. ॲम्ब्युलन्स रस्त्याच्या तोंडाशीच थांबली आणि ती नीलेशचा हात धरून चालत आली. निम्मी झाली होती. टॉवरच्या ज्या गॅलऱ्यांतून माझा व्हिडिओ निघाला होता, त्याच गॅलऱ्यांतून आता टाळ्या पडल्या. कोणीतरी वरून झेंडूची फुलं टाकली. काकी थबकली.

"टाल्या कनाला?" ती म्हणाली. "मी काय वरातीत आलेय?"

आम्ही आमच्या पायरीवर उभे होतो, खाली उतरायची हिंमत कोणाला होत नव्हती. काकी अंगणात आली आणि तिला बांबू दिसला.

"यो कोनी ठेवला?"

नीलेशने तिचा हात ओढला.

"आये, तू घरात चल," नीलेश म्हणाला. "तिकरं नको जाऊ. तिकरनंच झालंय तुला."

काकीने बांबूवर हात टेकला, जरा दम घेतला. मग तिने आवाज काढला. गाण्याचा आवाज गेला होता, पण अंगणभर ऐकू जाईल एवढा उरला होता.

"कोनी सांगलं तुला? मना ताप आदीच होता."

"कवा?"

"पैल्या रोजी गायाला गेले, त्या सकालीच. अंग तापलेलं माझं."

"आये, मंग तू बोलली नाय तवा?"

"बोलले असते तं तू जावाला दिलं असतंस?" काकी म्हणाली. "हिच्यामुलं मना नाय झालं. झालंच असंल तं माझ्यामुलं हिला वाढलं असंल. आता मी हिच्या दारात जाऊन माफी मागू कं? बोल."

नीलेश खाली बघत होता. त्याने बांबू उचलला, कुठे ठेवावा ते त्याला सुचेना, मग भिंतीला उभा केला. हेमंत पायरी उतरून गेला आणि त्याने काकीची पिशवी घेतली. सासूबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या. मी तिथेच उभी राहिले. मला आनंद झाला होता हे खरं, पण डोक्यात गणित पुन्हा सुरू झालं होतं.

एक प्रश्न

माझं सुटलेलं नव्हतं. काकीला खरंच आधी ताप असेल तर सगळं गणित उलटं होतं. पण पहिल्या दिवशी तिचा हात माझ्या कपाळावर थंडगार लागला होता. अर्थात मी तापाने फणफणलेली, मला कोणाचाही हात थंड लागला असता. दोन्ही खरं असू शकत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकीकडे गेले. नीलेश बाहेर गेला होता. काकी भिंतीला टेकून बसली होती, बोलता बोलता तिला धाप लागत होती. मी उंबऱ्याशी बसले. पेज खाल्ली का, औषधं घेतली का, ठाण्याचा वॉर्ड कसा होता, सगळं मी तिला विचारलं. ती म्हणाली, तिथल्या आजारी बायकांना तिने गाणं ऐकवलं, एक नर्स रडली.

"काकी," मी म्हटलं, "खरं सांग. तुला आधी ताप होता?"

"होता."

"किती?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे मिटले, दम घेतला, पुन्हा उघडले.

"तुला किती पायजे," ती म्हणाली, "तवरा होता."